चार श्राउड आणि चौदा नंबरची जागा

आमच्या मेरीकारी गावच्या बोट क्लबाचं पत्र मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आलं आणि ते मी दारातच, एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत, तीन वेळा वाचलं. बंदरातली चौदा नंबरची जागा मला मंजूर झाली होती. नऊ वर्षं मी यादीत होतो. या नऊ वर्षांत माझ्या पुढची चार माणसं वारली, दोघं स्वीडनला गेली आणि एकाने बोटीचा नाद सोडून घोडा घेतला, तेव्हा कुठे माझा नंबर लागला. पत्राच्या शेवटी क्लबाच्या नेहमीच्या प्रेमळ भाषेत लिहिलं होतं, की तपासणीचा शिक्का मिळालेली बोट पंधरा जूनला दुपारी चारच्या आत जागेवर उभी नसल्यास जागा यादीतल्या पुढच्या इसमास देण्यात येईल.

पुढचा इसम आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. त्याचं नाव आल्रूस. तीस वर्षं जहाजावर नोकरी करून, त्यातली निम्मी इंग्रजी जहाजांवर काढून, तो निवृत्त झाला होता. इतकी वर्षं पाण्यात राहिलेला माणूस तिथेच का थांबला नाही, हा माझा जुना प्रश्न आहे. आमच्या सहा घरांच्या ओळीचा तो अध्यक्ष. म्हणजे बर्फ कुणी उपसायचा ते ठरवणार तो आणि अंगणातल्या काठीवर झेंडा चढवणार तो. बोलायचा इतकं कमी, की त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या तर पंचावन्न मिनिटं आपलीच असायची.

आता एक बारीकशी अडचण होती. माझ्याकडे बोट नव्हती. बोट नसताना बोटीच्या जागेसाठी नऊ वर्षं थांबण्यात काही विचित्र आहे असं ज्याला वाटतं, त्याला मेरीकारी कळलेलं नाही. इथे माणूस आधी यादीत नाव घालतो आणि कशासाठी ते सवडीने ठरवतो. सुदैवाने कागद कारखान्यात यंत्र बसवायला आलेला एक इंग्रज इंजिनिअर मायदेशी परत चालला होता आणि त्याला त्याची शिडाची बोट विकायची होती. बोटीचं नाव ‘डॉरिस’. सात मीटर लांब, झोपायच्या जागा चार. सोबत इंग्लंडातल्या कुणा तज्ज्ञाने केलेल्या पाहणीचा दोन पानी इंग्रजी अहवाल. मी इंग्रजाशी इंग्रजीतच व्यवहार केला. त्याला माझं इंग्रजी नीट कळलं नाही, पण तो लिव्हरपूलचा होता, त्याला मी तरी काय करणार.

क्लबाचा तपासनीस लाम्पिला. याला देवाने दोन डोळे दिले आहेत ते केवळ यादी आणि वस्तू असे दोन्ही एका वेळी दिसावेत म्हणून. त्याने अहवाल उलटा धरला, सुलटा धरला आणि परत केला.

“फिनिशमध्ये पाहिजे,” तो म्हणाला. “अधिकृत भाषांतर.”

“कुणाकडून करून घेऊ?”

“गावात इंग्रजी येणारे तुम्हीच, मास्तर.”

“म्हणजे माझ्या बोटीचं भाषांतर मीच करायचं आणि मीच प्रमाणित करायचं?”

“सही स्पष्ट करा,” लाम्पिला म्हणाला.

घरी आलो तर आल्रूस कुंपणाशी उभा. गवत कापायचं यंत्र समोर, बंद.

“भाषांतर?” त्याने विचारलं. मेरीकारीत बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

“हो. दोन पानं. संध्याकाळचं काम.”

“बोटीचे शब्द वेगळे असतात.”

“शब्द हे शब्दच असतात, आल्रूस. त्यासाठी डिक्शनरी असते.”

“असते,” तो म्हणाला आणि यंत्र सुरू केलं.

मला हे लागलं, मी कबूल करतो. सव्वीस वर्षं मी मेरीकारीच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आहे. निम्म्या गावाच्या वह्यांवर माझी लाल शाई आहे. आल्रूसचं इंग्रजी म्हणजे बंदरातल्या आचाऱ्यांकडून आणि भांडकुदळ नावाड्यांकडून उचललेलं. त्यात व्याकरण नाही, क्रियापदाचा काळ नाही, जे आहे ते शाळेत बोलता येत नाही. अशा माणसाने मला शब्दांबद्दल सांगावं?

अहवाल सोपा होता. नांगर, पंप, विझवण्याचं यंत्र. मग एक ओळ आली: दोन शीट्स, स्थिती चांगली. शीट म्हणजे चादर, हे आमच्या आठवीच्या पोरींनाही येतं. बोटीवर झोपायचं तर चादरी लागणारच. मी लिहिलं, ‘चादरी, दोन.’ आणि पुढची ओळ अशी होती: चार श्राउड्स, पाण्यात उतरवण्यापूर्वी नवीन घ्यावेत.

श्राउड. शाळेच्या डिक्शनरीत दोन अर्थ होते. एक, कॅरिनलीना, म्हणजे कफन. दोन, आवरण. पुढे कंस नाही, टीप नाही, काही नाही. जाडजूड मोठी डिक्शनरी गावच्या वाचनालयात होती आणि तिच्यात अर्थांची रांग असणार हे मला ठाऊक होतं. पण वाचनालयात काउंटरवर बसते आल्रूसची बायको. सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने तिच्यासमोर जाऊन एका शब्दासाठी मोठी डिक्शनरी मागायची, आणि तिने घरी जाऊन ते सांगायचं? छे.

शिवाय डोकं चालवलं तर सगळं जुळतच होतं. झोपायच्या जागा चार, कफनं चार. जुने दर्यावर्दी समुद्रात मेले की त्यांना कापडात शिवून पाण्यात सोडत, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. इंग्रज माणूस पद्धतशीर. त्याने प्रत्येक बिछान्यामागे एक कफन ठेवलं असेल, आणि वरच्या ओळीत चादरी आहेत म्हणजे हा सगळा कापडचोपडाचा विभाग झाला. मी लिहिलं, ‘कफनं, चार, नवीन,’ आणि खाली स्वतःहून टीप जोडली: ‘जुन्या सागरी परंपरेनुसार प्रत्येक शय्येमागे एक.’ त्या टिपेचा मला फार अभिमान वाटला.

लाम्पिलाने भाषांतर वाचलं. कफनांच्या ओळीवर त्याची पेन्सिल थांबली.

“पांढरी चालतील का?” मी विचारलं.

“यादीत रंग नाही,” तो म्हणाला. “म्हणजे चालतील.” आणि त्याने नांगर आणि विझवण्याचं यंत्र यांच्या मधोमध माझी चार कफनं लिहून घेतली. एक शंका नाही, एक प्रश्न नाही. तिथे मी हत्ती लिहिला असता तरी त्याने सोंड मोजून खूण केली असती.

गावात शवपेट्यांचं दुकान एकच, लेस्केलाबाईंचं. फिनिशमध्ये ‘लेस्की’ म्हणजे विधवा; आडनावातच ‘विधवा’ असलेल्या बाईने हा धंदा काढावा यात आमच्या गावात कुणालाही गंमत वाटत नाही, यावरून गावाची कल्पना यावी.

“कफनं हवी होती,” मी म्हणालो. “चार.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “चार?”

“मी, बायको आणि दोन मुली. मुली तुर्कूला शिकायला असतात, पण त्या दिवशी मुद्दाम येतायत.”

“म्हणजे... अजून काही झालेलं नाही?”

“कसं होईल? शिक्का मिळाल्याशिवाय काही करता येत नाही.”

“आणि हवीत कधी?”

“पंधरा जून, दुपारी चारच्या आत. उशीर नको हं बाई. या दिवसासाठी नऊ वर्षं थांबलोय मी.”

बाईंनी उठून दुकानाचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, “इर्याला माहीत आहे का हे?”

“बायकोला? छे छे. ती असल्या गोष्टींना आधी नाहीच म्हणते. आयत्या वेळी सांगेन.”

बाईंनी मापं विचारली, मी दिली, आणि बाहेर पडताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. चांगलं गिऱ्हाईक मिळाल्यावर माणसं किती प्रेमळ होतात, असा विचार करत मी घरी आलो.

आता मेरीकारीत कुणी कुणाला काही विचारत नाही. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. त्यामुळे पुढच्या आठवड्यात मला कुणी एक शब्द विचारला नाही, पण दारात वेलदोडा घातलेले गोड पाव सापडायला लागले. रोज एक, टॉवेलात गुंडाळलेला. शाळेत गणिताच्या बाईंनी माझे परीक्षेचे पेपर न बोलता उचलून नेले आणि तपासून आणून दिले. दुकानदाराने पिशव्या गाडीपर्यंत आणल्या. गावातला पोलीस सायकलवरून येऊन ‘डॉरिस’भोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, “सगळं ठीक ना, मास्तर?” मी म्हणालो, “इतकं ठीक कधीच नव्हतं.” तो घाम पुसत निघून गेला. हे सगळं मी चौदा नंबरचा प्रताप समजलो. बंदरात जागा मिळालेल्या माणसाचा मान वाढतो, हे मी ऐकून होतोच.

आल्रूस कुंपणाशी आला.

“कुठला दिवस?” त्याने विचारलं.

“पंधरा जून.”

“चौघंही?”

“चौघंही.”

“मग चौदा नंबर?”

“चौदा नंबर माझाच!”

“नंतरही?”

“नंतरही,” मी ठणकावून सांगितलं. काय माणूस आहे बघा, अजून आशा सोडत नाही!

“झेंड्याची दोरी तपासून ठेवतो,” तो म्हणाला. माझ्या बोटीसाठी झेंडा! क्षणभर मला त्याच्याबद्दल बरं वाटलं.

मग पाद्री आले. पाद्र्यांनी पाच कप कॉफी घेतली, अर्धा गोड पाव खाल्ला, थंडी यंदा लांबली असं तीनदा म्हणाले आणि शेवटी कप खाली ठेवून इर्याला म्हणाले, “प्रत्येक घरात असे दिवस येतात.”

“येतात ना,” इर्या म्हणाली. “आमच्या घरात बोट आली आहे.”

पाद्र्यांनी डोळे मिटले.

लेस्केलाबाईंचं पार्सल दुसऱ्या दिवशी आलं आणि मी शाळेत असताना इर्याने ते उघडलं. घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर चार पांढरी कफनं, घडी घालून, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. इर्या शेजारी बसली होती. मी तिला यादी, टीप, परंपरा, सगळं समजावून सांगितलं.

“माझं माप कुणी सांगितलं?” तिने विचारलं.

“मी. अंदाजे.”

“चिठ्ठीवर ‘रुंद’ लिहिलंय.”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने लेस्केलाबाईंना फोन करून सांगितलं, की कफनं घरासाठी नाहीत, बोटीसाठी आहेत. बाई म्हणाल्या, “बोटीतूनच का,” आणि फोन ठेवून रडायला लागल्या. त्यानंतर गावाच्या मनात जी काही शंका होती तीही उरली नाही.

पंधरा जूनला दुपारी धक्क्यावर निम्मं गाव उभं होतं. सगळे काळ्या कपड्यांत, सगळे गप्प. टेकडीवर आमच्या घरांच्या ओळीतला झेंडा दिसत होता. तो अर्ध्यावर होता. दोरी तपासूनही आल्रूसला झेंडा पुरता चढवता आला नाही, म्हणून मी मनात हसलो. लाम्पिलाने नांगर मोजला, पंप हलवला, चादरी मोजल्या, चारही कफनं उलगडून पुन्हा घडी घालून ठेवायला लावली आणि शिक्का मारला. अडीच वाजले होते.

दुरुस्तीच्या धक्क्यापासून चौदा नंबरपर्यंत चारशे मीटर. तासभर खटपट करूनही मोटर सुरू होईना, तर मी शीड चढवलं. इतके लोक आले आहेत, तर शिडानेच जाऊ. मुली पुढे बसल्या, इर्या मागे हातात बादली घेऊन. पहिले तीनशे मीटर इतके सुंदर गेले, की मी धक्क्याकडे बघून हात हलवला. बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, वरून ‘टण्ण’ असा आवाज आला, मग आणखी एक, आणि ‘डॉरिस’ची डोलकाठी शिडासकट शांतपणे आडवी होऊन तेरा नंबरच्या बोटीवर पडली. कुणाला लागलं नाही. इर्या फक्त एवढंच म्हणाली, “हे पण यादीत होतं का?”

बोट तशीच वाहत धक्क्याला येऊन आदळली. सगळे थिजून बघत होते. आल्रूस एकटा पुढे धावला, दोर पकडला आणि चौदा नंबरच्या खुंटीला दोन फेऱ्यांत बांधून टाकला. चारला आठ मिनिटं कमी होती. आणखी आठ मिनिटं तो खिशात हात घालून उभा राहिला असता, तर जागा त्याची होती. पण सुटलेली बोट दिसली आणि त्याचे हात आपोआप हलले.

मग त्याने तुटलेल्या तारेचं टोक उचललं. गंज बोटांनी चोळला.

“व्हान्टी,” तो म्हणाला.

“काय?”

“व्हान्टी. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा. सडल्यात. कागदात नव्हतं?”

“नव्हतं,” मी म्हणालो.

त्याने लाम्पिलाच्या फायलीतून इंग्रजी अहवाल ओढला आणि बोट ठेवत ठेवत वाचला. बोट एका ओळीवर थांबलं. “श्राउड्स,” तो म्हणाला. “श्राउड म्हणजे व्हान्टी. इंग्रजी जहाजावर पोरं पहिल्या दिवशी शिकतात.”

लाम्पिलाने घड्याळ बघितलं, मग मला. “मास्तर, भाषांतर बरोबर आहे का? चूक असेल तर शिक्का रद्द. शिक्का रद्द, तर जागा पुढच्या इसमास.”

पुढचा इसम समोरच होता, हात ओले, माझाच दोर बांधून. आणि त्याच्या मागे माझे सव्वीस वर्षांचे विद्यार्थी उभे होते: दुकानदार, पोलीस, पाद्र्यांची बायको, प्रत्येकाचं एक ना एक स्पेलिंग मी कधीतरी लाल केलेलं. डोलकाठी आडवी पडली होती. मी शुद्धीवर होतो, मला सगळं कळत होतं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “हे म्हणतात तो खलाशांचा अपभ्रंश. शुद्ध इंग्रजीत श्राउड म्हणजे कफन.”

लोकांनी माना डोलावल्या. मास्तरांचा शब्द एकीकडे, जहाजावरच्या माणसाचा एकीकडे. आल्रूसने अहवालाची घडी घालून लाम्पिलाला परत दिली.

“असेल,” तो म्हणाला आणि टेकडी चढून गेला. थोड्या वेळाने झेंडा पूर्ण वर गेला. काळ्या कपड्यांचा अर्थ मला तेव्हा लागला.

गावाला मात्र माझं म्हणणं फार पटलं. क्लबाने जुलैतच परिपत्रक काढलं, की ज्या अर्थी प्रमाणित अहवालात तशी नोंद आहे, त्या अर्थी प्रत्येक बोटीवर शय्येमागे एक कफन असणं सुरक्षेच्या दृष्टीने अनिवार्य आहे. त्रेसष्ट बोटी. लेस्केलाबाईंनी उन्हाळ्यात मदतीला माणूस ठेवला. रविवारी ऊन पडलं, की लोक कफनं दोरीवर वाळत घालायचे आणि बंदरभर पांढरंच पांढरं दिसायचं. माझ्याकडे बघून आदराने टोप्या काढायचे. गाढवांचा बाजार, दुसरं काय! आणि त्यातलं सगळ्यांत मोठं गाढव चौदा नंबरवर, डोलकाठी नसलेल्या बोटीत, कॉफीचा थर्मास घेऊन बसायचं. नव्या तारा मागवायची सोय मला नव्हती. जी वस्तू नाहीच म्हणून मी गावासमोर सांगितलं, ती कुठल्या तोंडाने विकत आणू? मला तिथे बसायची लाज वाटत होती. नऊ वर्षं वाट बघितलेल्या जागेवर मी अर्धा तासही सुखाने बसलो नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी गेलो, तर ‘डॉरिस’ची डोलकाठी उभी होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन नव्या कोऱ्या तारा, ताणलेल्या, टोकं सुबक वळवलेली. मी इकडे तिकडे विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. क्लबाने दया दाखवली असेल, अशी मी माझी समजूत घातली.

सप्टेंबरात नववीला निबंध घातला: ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी.’ मेर्या आल्रूस, आमच्या शेजाऱ्याची नात, पहिल्या बाकावर बसते. तिने इंग्रजीत लिहिलं होतं, की आजोबांनी छपरीत बसून मास्तरांच्या बोटीसाठी चार नवीन श्राउड्स बनवले आणि पहाटे जाऊन बसवले. का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, त्या बोटीत मुली बसतात.

लाल पेन हातात घेऊन मी त्या ओळीसमोर बसून राहिलो. व्याकरण निर्दोष होतं. काळ बरोबर होता. एकाच शब्दाचा प्रश्न होता. चूक म्हणून कापावा, तर पोरीचा गुण जातो आणि मी जगातला सगळ्यांत हलकट मास्तर ठरतो. बरोबर म्हणून सोडावा, तर लाल शाईत, माझ्या अक्षरात, पुरावा तयार. आल्रूसने हे मुद्दाम घडवून आणलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान चिडता आलं असतं. त्याच्या मनातही नव्हतं. मी शब्दाखाली खूण केली, पैकीच्या पैकी गुण दिले, आणि निबंध घेऊन तडक लाम्पिलाच्या कचेरीत गेलो.

त्याने तो उलटा धरला, सुलटा धरला. “हे काय?”

“दुरुस्ती. श्राउड म्हणजे व्हान्टी. माझं भाषांतर चुकलं होतं, आणि धक्क्यावर मी खोटं बोललो.”

लाम्पिलाने निबंध मला परत दिला. मग कपाटातून परिपत्रक काढून समोर ठेवलं.

“त्रेसष्ट बोटींवरची कफनं यादीत चढली आहेत, मास्तर. ती काढायला वार्षिक सभा लागेल. दोन तृतीयांश मतं.”

“आणि माझी चौदा नंबरची जागा?”

“त्याला सभा लागत नाही,” लाम्पिला म्हणाला आणि आल्रूसचं नाव लिहायला पेन्सिलीला टोक केलं.